वर्षभर व्हॅलेन्सियात: मुलाबाळांसकट बिऱ्हाड आणि तिथून भटकंती

पिवळी_छत्री

"मुलांना घेऊन एखादं वर्ष परदेशात काढायचंय, कसं जमवायचं?" असं वरचेवर विचारलं जातं आणि उत्तरांत बघायच्या ठिकाणांच्या याद्या येतात. याद्या कुठेही मिळतात. आम्ही ऑगस्ट २०२४ च्या शेवटापासून जुलै २०२५ पर्यंत स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला बिऱ्हाड केलं होतं. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा धाकटा. लिहिते सविस्तर, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वर्ष घ्यायचं तर ते एका गावात राहण्यासाठी घ्या आणि फिरणं त्या गावाभोवती बसवा. देशामागून देश पालथे घालण्यात मुलांचं वर्ष बॅगा भरण्यात जातं आणि आईबापांचं बुकिंग करण्यात.

व्हॅलेन्सियाच का? बार्सिलोनाची भाडी झेपणारी नव्हती, माद्रिदला समुद्र नाही. व्हॅलेन्सिया आकाराने स्पेनमधलं तिसरं शहर, पण सपाट, सायकलवर मावणारं. माद्रिद वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत. आणि शहराच्या मधोमध वाहणारी बाग आहे. "वाहणारी" मुद्दाम म्हटलं. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदीने शहर बुडवलं. त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात नेली आणि रिकाम्या पात्रात जवळजवळ नऊ किलोमीटरची बाग केली. जुने दगडी पूल तसेच आहेत, खालून सायकली जातात. तिथे गलिव्हरचा अवाढव्य आडवा पुतळा आहे. त्याच्या हातापायांवर, केसांवर पोरं चढतात आणि घसरतात, तिकीट नाही. आमच्या धाकट्याचे पहिले मित्र शाळेत झाले नाहीत, गलिव्हरच्या कोटाच्या घडीत झाले. भाषेचा एक शब्द येत नसताना. पुढे कोण, मागे कोण, ढकलायचं कुणी, यावर एकमत व्हायला शब्द लागत नाहीत असं दिसतं.

पहिले दोन-तीन महिने मात्र फिरणं वगैरे विसरा. ते कागदांचे महिने. पाद्रोन म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद. ती झाली की शाळा आणि पुढची बरीच दारं उघडतात. मग पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र. त्याची फी ७९० क्रमांकाच्या फॉर्मवर आधी बँकेत भरायची, पावती घेऊन जायचं आणि त्याआधी ऑनलाइन वेळ मिळवायची. ही वेळ मिळणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. नवरा सकाळी चहाच्या आधी ती वेबसाइट उघडायचा.

प्रश्न असतील तर विचारा, खाली उत्तरं देते.

---

तळटीप

छान लिहिलंय. पण मुद्द्याचं राहिलं की. व्हिसा कुठला? आणि उत्पन्न किती दाखवावं लागलं?

---

पिवळी_छत्री

तळटीप, नवऱ्याचं काम पूर्ण ऑनलाइन, म्हणून डिजिटल नोमॅड व्हिसा. डिसेंबर २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून तो आला. मुख्य अर्जदाराला स्पेनच्या किमान वेतनाच्या २०० टक्के, पहिल्या कुटुंबीयासाठी ७५ टक्के आणि पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ चं किमान वेतन महिना १,१८४ युरो, पण तिथे वर्षाला १४ पगार धरतात. म्हणजे बाराने भागल्यावर १,३८१ च्या आसपास. चौघांचे ३२५ टक्के झाले, म्हणजे महिना साधारण ४,४९० युरो. आमचा अर्ज २०२४ मधला, तेव्हा आकडा थोडा कमी होता. किमान वेतन वाढलं की हाही वाढतो, तेव्हा जुन्या लेखांवर विसंबू नका.

शिवाय पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, कंपनी किमान वर्षभर चालू असलेली, तुमचं तिच्याशी काम किमान तीन महिन्यांचं. फ्रीलान्स असाल तर स्पॅनिश ग्राहकांकडून येणारं उत्पन्न २० टक्क्यांच्या वर नको. मोठ्यांचं पोलिस प्रमाणपत्र, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, सगळ्यांवर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) आणि स्पॅनिश सरकारमान्य अनुवादकाकडून भाषांतर. आरोग्य विमा स्पेनमध्ये काम करणाऱ्या कंपनीचाच लागतो, साधा प्रवास विमा चालत नाही.

वकिलातीतून घेतलात तर एक वर्षाचा मिळतो. स्पेनमध्ये जाऊन अर्ज केला तर तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. आम्हाला एकच वर्ष हवं होतं.

---

गणिताची_वही

कराचं काय? वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलं की तिथला कर लागतो, असा नियम आहे ना?

---

पिवळी_छत्री

आहे, आणि तो कॅलेंडर वर्षाला लागतो. म्हणून काही जण ऑगस्टमध्ये येऊन पुढच्या जूनमध्ये निघतात, दोन्ही वर्षांत १८३ च्या आत राहतात आणि मनातल्या मनात खूश होतात. पण दिवस मोजणं हा एकच निकष नाही. तुमच्या उत्पन्नाचं मुख्य केंद्र कुठे आहे हेही बघतात. जोडीदार आणि लहान मुलं स्पेनमध्ये राहत असतील तर तुम्हीही तिथले करदाते असं गृहीत धरलं जातं, तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. नोमॅड व्हिसावाल्यांना अटी पूर्ण केल्या तर सहा लाख युरोपर्यंत २४ टक्के अशी वेगळी योजना आहे, पण तिचा अर्ज मुदतीत करावा लागतो. ह्या एका गोष्टीसाठी सल्लागाराला पैसे द्या. चॅट ग्रुपवरच्या काकांना विचारू नका.

---

वळणवाट

ताई, आदर राखून असहमत. आम्ही अगदी उलटं केलं. चौथीतल्या मुलाला घेऊन आधी लिस्बन आणि पोर्तो, मग सेव्हिल, ग्रॅनडा. शेंगेनचे (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) ९० दिवस संपत आल्यावर अल्बानिया, नंतर जॉर्जिया, मग परत शेंगेन. कुठेच महिन्याच्या वर नाही. मुलाचा अभ्यास ऑनलाइन. त्याने ग्रॅनडातल्या अल्हम्ब्रा या जुन्या राजवाड्याच्या भिंतीवरच्या नक्षीतून जी भूमिती शिकली ती वर्गात बसून शिकला नसता. एकच आकृती फिरवून, उलटवून भिंत कशी भरते हे त्याने वहीत काढून बघितलं, दोन संध्याकाळी तोच उद्योग. वर्षभर एका गावात बसायचं तर घर सोडलंच कशाला?

बरं, मुलं बरोबर असली की प्रवास वाटतो तेवढा महागही नाही. पॅरिसचं लूव्र आणि माद्रिदचं प्रादो ही संग्रहालयं १८ वर्षांखालच्यांना फुकट. अल्हम्ब्रा १२ खालच्यांना फुकट, फक्त त्यांचंही तिकीट नावानिशी आधी काढावं लागतं. तिथल्या नासरी महालांत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की दार बंद. पासपोर्टही जवळ ठेवा.

---

तळटीप

वळणवाट, तुम्ही वर्षभर टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडून काम करत होतात? हे बऱ्याच देशांत चालत नाही म्हणतात.

---

वळणवाट

मी बिनपगारी रजेवर होतो, बायको नोकरी सोडून आली होती. साठवलेल्या पैशांवर केलं. पण प्रश्न रास्त आहे. काम करत फिरायचं असेल तर तसा व्हिसा घ्यावा. आणि ९० दिवस कुठल्याही मागच्या १८० दिवसांत मोजतात. एक दिवस बाहेर जाऊन आलो की मीटर शून्यावर येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद सुरू झालीय, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे सबबी आता संपल्या.

---

पिवळी_छत्री

वळणवाट, अल्हम्ब्राची वही आवडली, खरंच. तुमचा मुलगा एकटा आहे आणि त्याच्या वयाला वही काढून बसता येतं. आमच्या धाकट्याला तिसऱ्या गावात "घरी कधी जायचं" हा प्रश्न पडला असता आणि घर म्हणजे कुठलं हे आम्हालाही सांगता आलं नसतं.

"बसलो" असं मात्र म्हणू नका! स्पेनचा वास्तव्य परवाना असला की बाकीच्या शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं. नाताळात लिस्बन केलं. (माद्रिद-लिस्बन थेट रेल्वे नाही, रात्रीची गाडी मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. दोन शेजारी राजधान्या आणि ही अवस्था.) पण मुलांना आजही आठवतात ती शनिवारची ठिकाणं. क्वेंकाला कड्यावर लटकलेली घरं. अल्बुफेराच्या सरोवरावर शहर बसने जाऊन नावेतून सूर्यास्त. आणि शातिवा. तिथल्या संग्रहालयात राजा पाचव्या फिलिपचं चित्र उलटं टांगलंय, डोकं खाली पाय वर. १७०७ मध्ये त्याने गाव जाळलं, गावाने अजून माफ केलेलं नाही. लेक त्या चित्रासमोर मान वाकडी करून कितीतरी वेळ उभी होती. मग म्हणाली, "म्हणजे हे अजून कट्टीच आहेत?"

---

पाटीपेन्सिल

शाळेबद्दल लिहा ना. मी शिक्षिका आहे, मला तेच वाचायचंय. घरीच शिकवलं असतं तर चाललं असतं का?

---

पिवळी_छत्री

पाटीपेन्सिल, वय सहा ते सोळा शिक्षण सक्तीचं आणि घरून शिकवण्याला स्पेनमध्ये कायद्याची मान्यता नाही. बिऱ्हाड करून राहणार तर मूल शाळेत हवं. जर्मनीत तर याहून कडक आहे. जे लोक "वर्ल्डस्कूलिंग" (जग फिरताफिरता मुलांना शिकवणं) म्हणून निघतात त्यांनी देशागणिक हे तपासावं.

आम्ही सरकारी शाळा घेतली, फी नाही. नेहमीचे प्रवेश वसंतात होतात. आम्ही मुदतीनंतरचे, त्यामुळे जागा जिथे रिकामी तिथे. सुदैवाने चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली. इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, परीक्षा घेऊन नाही. लेक पाचवीत, धाकटा पहिलीत.

आता खरी गंमत. आम्ही लेकीला निघण्याआधी स्पॅनिश शिकवलं आणि शाळेत निम्मे विषय व्हॅलेन्सियनमध्ये, म्हणजे तिथल्या प्रादेशिक भाषेत. गणित एका भाषेत, परिसर दुसऱ्या. पहिला महिना ती घरी येऊन कुणाशी बोलायची नाही, नुसती चित्रं काढायची. बाईंनी तिच्या बाकावर रोमानियाहून आलेली मुलगी बसवली, तीही दोन वर्षांपूर्वी कोरी पाटी होती. त्या मुलीने जे केलं ते कुठल्याही क्लासने केलं नसतं. आमच्या मुक्कामातच कोणत्या भाषेतून शिकवावं यावर तिथल्या पालकांचं मतदानही झालं, फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये. शाळेच्या फाटकाबाहेर पालकांचे दोन घोळके पडले होते, आम्ही दोन्हीकडे मान डोलावून यायचो.

शिकवणं म्हणाल तर पाठांतर कमी, गटाने करायची कामं भरपूर. गणितात ती पुढे होती, बोलण्यात मागे. वर्षाअखेर नेमकं उलट झालं होतं.

---

शंकासुर

वाचतोय. सगळं गोड गोड आहे. पण व्हॅलेन्सियात २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच घरभाड्यांविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. बाहेरच्या पगारावर येणारी तुमच्यासारखी कुटुंबं वर्षभरासाठी घरं अडवतात, मालक स्थानिकांना देत नाहीत. त्यावर कुणीच काही बोलत नाही.

---

पिवळी_छत्री

बोलते ना. मोर्चा आमच्या रस्त्यापासून लांब नव्हता. आमच्या मजल्यावरच्या आजी त्यात होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला जिन्यात ऐकवलं, की तुमच्याआधी त्या घरात राहणारं जोडपं भाडं वाढलं म्हणून गावाबाहेर गेलं. मी काय बोलणार? तुमचं म्हणणं खरं आहे आणि आम्ही त्याचा भाग होतो.

यामागे कायद्याची फटही आहे, ती जाणाऱ्यांनी समजून घ्यावी. कायमच्या राहण्याचा करार असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क, अनामत एक महिन्याची, आणि २०२३ पासून एजंटची फी मालकाने द्यायची. हंगामी करार केला की यातलं काहीच लागू नाही, अनामतही दोन महिन्यांची. मग मालक अकरा महिन्यांचे हंगामी करारच करतात. आम्हाला एका एजंटने वर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं, शिवाय पत्त्याची नोंद करू नका म्हणाला. नोंद हा हक्क आहे, करार दाखवला की होते. आम्ही ते घर सोडलं. पुढचं मिळेपर्यंत ज्या खोलीत राहिलो तिथे चौघं एकदम उभे राहिलो तर दार उघडत नसे.

शाळा सरकारी असेल, बाजार गल्लीतला असेल, भाडं रीतसर करारावर असेल, तर निदान पर्यटकांच्या फ्लॅटपेक्षा बरं. याहून मोठा दावा माझा नाही.

---

नकाशावाली

तुम्ही २९ ऑक्टोबरच्या पुरात तिथेच होतात?

---

पिवळी_छत्री

हो. आमच्या भागात त्या दिवशी धड पाऊसही नव्हता. रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी घरातले दोन्ही फोन एकदम किंचाळले, सरकारी इशारा, प्रवास टाळा. तोपर्यंत दक्षिणेकडच्या गावांत पाणी शिरून गेलं होतं. व्हॅलेन्सिया प्रांतात २२० हून जास्त माणसं गेली. १९५७ नंतर खोदलेल्या नव्या पात्राने शहर वाचवलं. पाइपोर्ता, कातारोखा ही गावं त्या पात्रापलीकडे.

१ नोव्हेंबरला सुट्टी होती. हजारो लोक झाडू, फावडी, पाण्याच्या बाटल्या घेऊन पुलावरून पायी पलीकडे निघाले. नवरा गेला. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आला आणि बूट गॅलरीतच टाकले. शाळेत रबरी बूट आणि ब्लीच गोळा करत होते. लेकीने यादी लिहायचं काम घेतलं, तिचं पहिलं सलग स्पॅनिश लिखाण म्हणजे ती यादी. माद्रिदची वेगवान रेल्वे १४ नोव्हेंबरपर्यंत बंद होती, आमची तिकिटं गेली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

यानंतर जिन्यातल्या आजी आमच्याशी बोलायला लागल्या. गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी पाणी-न्यायालय भरतं, ते बघायला त्यांनीच नेलं. काळ्या अंगरख्यातले आठ कालव्यांचे प्रतिनिधी, शेतकऱ्यांची पाण्याची भांडणं, सगळं तोंडी. बहुतेक वेळा तक्रारच नसते आणि दोन मिनिटांत संपतं. आमच्या वेळीही संपलं, धाकटा म्हणाला "बस?"

---

पाटीपेन्सिल

अवांतर: फाय्यासबद्दल, म्हणजे तिथल्या मार्चमधल्या उत्सवाबद्दल, काहीच नाही? त्याशिवाय व्हॅलेन्सिया कसं लिहिता येईल?

---

पिवळी_छत्री

आवाज आठवला की कान अजून दुखतात, म्हणून टाळत होते! १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे फटाक्यांचा कडकडाट. ते बघायचं नसतं, ऐकायचं असतं. फटाक्यांच्या माळा चौकभर बांधलेल्या, शेवटचा मिनिट तळपायातून वर चढतो. कान झाकले तर शेजारचे हसतात, तोंड उघडं ठेवा म्हणतात. १९ च्या रात्री चौकाचौकांतले ते प्रचंड पुतळे जाळतात, मुलांचे छोटे आधी, मोठे नंतर. शाळेला सुट्टी असते, त्याच दिवसांत बरेच व्हॅलेन्सियन लोक गाव सोडून जातात. लहान बाळ असेल तर तुम्हीही जा.

दुसरा प्रसंग २८ एप्रिलचा. सान विसेन्ते फेरेर या संताची सुट्टी, आम्ही समुद्रावर, आणि १२:३३ ला जवळजवळ अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली. ट्राम जागीच थांबल्या. फोन नाही, कार्ड चालेना. खिशात नोटा होत्या म्हणून ओर्चाता हे तिथलं गार पेय मिळालं, तेही विकणाऱ्याने गार आहे तोवर संपवायचं म्हणून पेले काठोकाठ भरून दिले. मग चालत घरी. घरात रोख आणि सेलवरचा रेडिओ ठेवा, हे आता मी प्रत्येकाला सांगते.

---

गणिताची_वही

आमची लेक चौदाची आहे. तिला नेलं तर वाट लागेल का?

---

वळणवाट

इथे मी छत्रीताईंच्या बाजूने. चौदाच्या मुलीला दर महिन्याला गाव बदलायला लावू नका, मैत्रिणी तिच्यासाठी सगळं असतात. एका जागी राहा.

---

पिवळी_छत्री

अनुमोदन, पण मी एक पाऊल पुढे जाईन. तिला विचारल्याशिवाय ठरवूच नका. त्या वयात सक्तीचं माध्यमिक चालू असतं, विषय अवघड, दोन भाषांत झेपवणं कठीण. माझी मैत्रीण पंधराच्या मुलाला घेऊन आली होती, तो मार्चपर्यंत खोलीतून बाहेर आला नाही. मग फुटबॉलचा संघ मिळाला. पण मार्च म्हणजे फार उशीर. त्यापेक्षा एकच भाषा असलेलं शहर बघा, मालागा किंवा सेव्हिल.

---

तळटीप

शेवटचा प्रश्न. निघताना काय काय बंद करावं लागतं? आणि अनामत परत मिळाली का?

---

पिवळी_छत्री

पत्त्याची नोंद रद्द, शाळेतून दाखला आणि गुणपत्रक (दोन्ही निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी मागा, जूनच्या शेवटी कार्यालयात कुणी सापडत नाही), बँक खातं, वीज, इंटरनेट. कराचं काही भरायचं राहणार असेल तर बँक खातं लगेच बंद करू नका. अनामत मालकाने महिन्याभरात द्यायची, त्यानंतर त्यावर व्याज लागतं. आमच्या मालकाने भिंतीवरच्या रंगाचे पैसे कापायचा प्रयत्न केला. आल्या दिवशी काढलेले खोलीखोलीचे फोटो तारखेसह पाठवल्यावर पूर्ण रक्कम आली. तेव्हा चावी हातात पडली की सामान आत घ्यायच्या आधी फोटो काढा, कपाटांच्या आतलेसुद्धा.